कठड्याची उंची

"कठडा बुटका झालाय," कालेर्वो म्हणाला. "माझ्या मांडीला लागतोय."

मारितने मान वर केली नाही. पालथ्या बादलीवर बसून ती फळीत स्क्रू पिळत होती. "असू दे, बाबा," एवढंच म्हणाली.

कालेर्वोचं डोकं फिरलं. कठडा ज्याच्यासाठी, त्याच्या हाताच्या उंचीवर बांधायचा, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तळ्यावरचा धक्का, लाकडांची शेड, वाफेच्या अंघोळीची खोली म्हणजे सौना, या रानातलं सगळं बापलेकीने मिळून उभं केलं होतं. शाळकरी मारित तोंडात खिळे धरून त्याच्यामागे उभी असायची. आता टाम्पेरे शहरात राहून पोरगी साधं माप विसरली होती.

मुळात हे काम काढलंच कशाला, हा त्याचा खरा राग होता. वसंतात तो बर्फावरून घसरून पडला, तेवढं निमित्त झालं. जूनमध्ये मारित मोठी सुट्टी घेऊन आली ती हा बेत घेऊनच. घरापासून सौनापर्यंतच्या दगडी पायऱ्या झाकून तिने फळ्यांचा रुंद उतार केला, त्याच्या कडेने कठडा लावायला घेतला. सौनातला खालचा बाकही रुंद केला. त्या बाकावर लहान मुलं बसतात, नाहीतर थकलेली माणसं. कालेर्वो जन्मभर सगळ्यात वरच्या, सगळ्यात गरम बाकावर बसत आला होता.

"माझे दोन्ही पाय शाबूत आहेत," त्याने पहिल्याच दिवशी सुनावलं होतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली होती. "तरी हात लाव ना जरा. पूर्वीसारखं करू."

त्याने हात लावला नाही. सबंध उन्हाळा ओसरीवर बसून तो तिला टोमणे मारत राहिला. दोन फळ्या ठोकल्या की ती डोळे मिटून बसायची. स्क्रू हातातून सुटायचे. येता-जाता स्वतःच कठडा धरून चालायची, जणू म्हाताऱ्याला तो कसा वापरायचा ते शिकवत होती. शहराने पोरीला पार नाजूक करून टाकलं, गाडीसुद्धा चालवत नाही आता, अशी तक्रार तो शेजारच्या हिल्काकडे करायचा. मारितला कुठे न्यायचं-आणायचं झालं तर हिल्काच न्यायची. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तिच्याशी एकदा नीट बोल, कालेर्वो."

पण बोलायची त्याला भीती वाटत होती. आधी कठडा, मग चाकांची खुर्ची, मग वृद्धाश्रम, हे त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचं पाहिलं होतं. हे तळं आणि ही झाडं सुटली तर आपण जगणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शनिवार म्हणजे सौना तापवायचा दिवस. मारित हिल्काबरोबर बाहेर गेली होती. कालेर्वो लाकडं आणायला उतारावरून निघाला आणि नकळत त्याने कठडा धरला. स्वतःचाच हात पाहून तो भडकला. शेडमधून करवत आणली आणि वरपासून खालपर्यंत सगळा कठडा कापून काढला.

शेवटचा तुकडा पडला तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. तुकड्यांना ताज्या लाकडाचा वास येत होता. कडा तिने हाताने घासून गुळगुळीत केल्या होत्या, त्याने शिकवलं होतं तशाच. हे करायला नको होतं. उन्हाळाभर एकदा तरी तिच्याशेजारी बसून स्क्रू धरायला हवे होते. आज सौनाआधी तिची माफी मागायची आणि उद्या दोघांनी मिळून नवा कठडा करायचा, नीट मापाचा, असं त्याने ठरवलं.

गाडी अंगणात आली. हिल्का उतरली आणि तिने डिकी उघडली. सॉसेजची पिशवी काढून बाजूला ठेवली. पिशवीच्या मागून घडी केलेली चाकांची खुर्ची निघाली.

कालेर्वो माफीचं विसरूनच गेला.

"परत ठेव ती," तो म्हणाला. "मेलो तरी मी तिच्यात बसणार नाही."

हिल्काने उतारावर पडलेले तुकडे पाहिले, मग त्याच्या हातातली करवत पाहिली. तिने खुर्ची उघडली, ढकलत गाडीच्या पुढच्या दाराशी नेली आणि आत बसलेल्या मारितला उतरवून घ्यायला वाकली.