साहेबांची परवानगी

“सुपरवायझरची परवानगी आधी घ्या. चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात टिकणार नाही,” वकीलबाईंनी बजावलेलं. विचारल्यावर कुठला शहाणा वाकडंतिकडं बोलेल? पण पुराव्याशिवाय लाँड्रीत माझं कोण ऐकणार? चारचौघांत तो मला ताई म्हणतो. घरी नणंदेनं फोन इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, स्पीकरवर त्याचा नंबर लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. “वहिनी, श्वास घे आधी. बाळंतपणाला नाही चाललीस.” पलीकडून त्यानं उचलला. “साहेब, हे बोलणं मी रेकॉर्ड करतेय. चालेल ना?” तो खिदळला. “तू? तुला साधा मेसेज पाठवता येत नाही! कर, कर, खुशाल कर!” नणंदेनं माझं मनगट पकडलं. तो पुढे म्हणाला, “आता ऐक. संध्याकाळी एकटी माझ्या खोलीवर ये, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस.” मी फोनकडे वाकून म्हणाले, “साहेब, नीट ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं सांगता?”