अर्गोस्तोलीची पाकिटं

हे मी लिहिणारच नव्हतो. चार वेळा टायपिंगच्या मशीनवर कागद चढवला, चार वेळा ओढून काढला. पण एका मित्राला उत्तर द्यायचंय, आणि त्याआधी सगळं एकदा नीट मांडायला हवं.

सुरुवात चिंतामणीपासून. अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला आमची भाड्याची खोली. तो कारखान्याच्या ऑफिसात, मी तिथंच स्टोअरमध्ये. मला बोलायला दुसरं कोणी नव्हतं. आईवडील लहानपणीच गेले, शाळा सातवीत सुटली, इंग्रजी आणि टायपिंग दोन्ही पुस्तकावरून शिकलो. चिंतामणीकडे मात्र अख्खा ग्रीस देश होता.

ग्रीसची तिकिटं तो जमवायचा. पण नुसतं तिकीट त्याला चालायचं नाही. पाकीट पाहिजे आणि वरचा शिक्का वाचता आला पाहिजे. पत्र कुठून निघालं, कुठं अडकलं, किती दिवसांनी पोचलं, हे तो शिक्क्यांवरून काढत बसायचा. चव्वेचाळीस सालचं एक पाकीट त्यानं मला दाखवलं होतं. वर पन्नास लाख द्राख्माचं तिकीट. तिकडे पैशाची माती झाली होती, तरी लोक पत्रं टाकत होते, याचंच त्याला कौतुक.

उल्हासनगरच्या कॅम्पात कराचीहून आलेला एक सिंधी परदेशी तिकिटं विकायचा. पाण्यात भिजवून सोडवलेली, सुकवलेली. चिंतामणी एकदा त्याच्यावर उखडला. पाकीट फेकून दिलंत, अर्धा शिक्का त्याच्याबरोबर गेला, आता या तिकिटाचं गाव कसं कळणार?

"साईं, गाव तो मेरा भी गया," तो म्हणाला. "मैं तो फिर भी दुकान लगाके बैठा हूं."

चिंतामणी नको असलेली दोन तिकिटं घेऊन आला.

गेरासिमो त्याला तिकीटवाल्यांच्या एका मासिकातून मिळाला. केफालोनिया बेटावर अर्गोस्तोली म्हणून गाव आहे, तिथला शाळामास्तर. महिन्याला एक पत्र. चिंतामणीचं अक्षर भयंकर, म्हणून सुटी झाल्यावर ऑफिसच्या मशीनवर तो सांगायचा आणि मी बडवायचो. निम्मं पत्र भांडणाचं. तिकीट पार कडेला चिकटवलंस, शिक्का अर्धा बाहेर पडला, पुन्हा असं केलंस तर पाकीट परत पाठवीन. तिकडून गेरासिमोही तसाच तडकून लिहायचा. रविवारी आम्ही बदलापूरला त्याच्या आईकडे, माईंकडे, जेवायला जायचो. पत्र मराठीत सांगायचं काम माझं. माई म्हणायच्या, "यांच्यापेक्षा नळावरच्या बायका बऱ्या."

त्रेपन्नच्या ऑगस्टमध्ये तिकडे भूकंप झाला. पेपरात चार ओळी होत्या. अर्गोस्तोलीत उभं असं फारसं काही राहिलं नव्हतं. जुलैच्या पत्राचं उत्तर मी नुकतंच पोस्टात टाकलं होतं.

मग काहीच येईना. पोस्टमन हरिचंद्र मला बघून लांबूनच नकाराचा हात हलवायचा. माझं जेवण सुटलं. एका माणसाला मी कधी बघितलं नव्हतं आणि त्याच्यासाठी मी पोस्टाच्या पायरीवर बसून राहायचो. रविवारी माई ताट वाढायच्या आधी विचारायच्या, "त्याचं आलं का रे?"

सप्टेंबर संपताना आलं. मी पाकिटाकडे बघितलंही नाही, फाडून पत्र बाहेर काढलं. तंबूत बसून पेन्सिलीनं लिहिलेलं. उजवा हात दुखावलाय, डाव्यानं लिहितोय, अक्षराला हसू नका. स्टोअरमध्ये पोत्यांच्या मागे उभा राहून मी ते तीनदा वाचलं.

माईंनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "उत्तर थांबवू नकोस," म्हणाल्या. "एकटा असेल बिचारा."

अंबरनाथहून उत्तर गेलं. तिकडून पुन्हा पत्र आलं. पाच महिने असं चाललं. आता पत्रांत शिक्क्यांचं कमी आणि इतर गोष्टीच जास्त. तिकडे थंडीत तंबू गळतो. इकडे शिवमंदिराजवळ ओढ्याकाठी संध्याकाळी बसायला बरं वाटतं. तिकडे शेजारणीची कोंबडी अंथरुणात येऊन अंडं घालते. इकडे भाताचा अंदाज चुकतो, रोज उरतो. महिनाभर वाट बघावी असं मला दुसरं काही नव्हतंच.

परवा, शनिवारी, फेब्रुवारीचं पत्र आलं. खाली गेरासिमोचं नाव नव्हतं.

"प्रिय चिंतामणी, मी स्पिरो, गेरासिमोचा धाकटा भाऊ. तो भूकंपात घराच्या भिंतीखाली गेला. तुमचं पत्र तंबूत आलं तेव्हा मला लिहिणारं जगात कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी त्याच्या नावानं उत्तर दिलं. हाताचं खोटं होतं. मला तिकिटातलं काही कळत नाही. गेरासिमो सांगायचा, तिकीट कडेला लागलं की चिंतामणी फाडून खातो. मी पाचही वेळा कडेलाच लावलं आणि तुम्ही एकदाही रागावला नाहीत. म्हणजे तुम्हाला पहिल्याच पाकिटावरून कळलं होतं, तरी तुम्ही लिहीत राहिलात. आता खरं सांगितलंय. पुढं लिहायचं की नाही, तुम्ही ठरवा."

काल माईंना हे सांगितलं.  त्या म्हणाल्या, "तो सांगून मोकळा झाला. तुझं काय?"

आज हे टाइप केलं.

"मित्रा स्पिरो, मला काहीच कळलं नव्हतं. तिकीट कुठं लागलंय ते मी कधी बघतच नाही. चिंतामणी तुझ्या भावाच्या दोन महिने आधी, जूनमध्ये टायफॉइडनं गेला. तुला आलेलं एकूणएक पत्र माझं आहे. माझं नाव शशिकांत. यापुढं दर महिन्याला माझ्याच नावानं लिहीन, हे माझं वचन."