ज्योत लांब

गणपतीने विडी विझवली, काड्यापेटी बाहेरच्या कोनाड्यात ठेवली आणि मगच तो उंबऱ्याच्या आत आला.

"गुरुजी, हात दाखवा. तेल न्हाय न्हवं?"

"साबणाने धुतलेत. दीड वर्ष डोक्यालाही तेल लावलेलं नाही," दत्तोपंत म्हणाले.

ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलाचं बोट लागलं तर भडका उडतो, हे गणपतीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तो शाहूपुरीतल्या ऑक्सिजन डेपोचा माणूस, दर गुरुवारी सिलिंडर तपासायला यायचा. जन्मभर पोरांचे कान पिळलेले हे निवृत्त मास्तर त्याच्यापुढे मुकाट असायचे. आठवड्यात त्यांच्या दाराची कडी वाजवणारा तो एकटाच होता.

साखळीने भिंतीला बांधलेला सिलिंडर पडद्याशेजारी उभा होता. त्याची नळी आतल्या खोलीत, मास्तरांच्या बायकोच्या पलंगाकडे गेली होती.

"कालिंदी, गणपती आलाय गं!" दत्तोपंतांनी हाक दिली.

"पडून ऱ्हावा वैनी, उठू नगासा," गणपती पडद्याकडे बघत म्हणाला.

त्याने व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावला. गळतीचा बुडबुडा आला नाही. दाबाचा काटा गेल्या खेपेला होता तिथेच होता.

"कमी लागतोय जणू."

"हो, हल्ली त्रास नाही तिला," दत्तोपंत घाईने म्हणाले आणि चहा ओतायला वळले.

आतल्या खोलीत त्यांनी निरांजन सोडा, उदबत्तीही लावली नव्हती. ज्योत लांब हवी, हा गणपतीचाच नियम.

चहा संपवून गणपती जरा घुटमळला. "गुरुजी, आज सिलिंडर माघारी न्यायचाय. दवाखान्यात कमी पडाय लागल्यात."

"छे! मग तिचं कसं होणार?" मास्तरांनी बशी खाली ठेवली. घर रिकामं होण्याची त्यांना फार भीती वाटली. "आणि तू? तूही यायचा नाहीस?"

गणपती सिलिंडरकडे वळला. चावीने व्हॉल्व्ह घट्ट बंद केला, नळी सोडवली, व्हॉल्व्हवर टोपी बसवली, साखळी काढली. सिलिंडर तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत अंगणात नेला. मग कोनाड्यातली काड्यापेटी घेऊन परत आला आणि ती मास्तरांच्या हातात ठेवली.

"गुरुवारी येतोय की च्या प्यायला. आता आत दिवा लावा, गुरुजी. परवा वर्षश्राद्ध हाय, वैनींच्या फोटोम्होरं अंधार नगं."