उष्टा नान

एसेनगुल विरोधी पक्षात गेला, तशी जुन्या सरकारने नारीन शहरातल्या त्याच्या तिन्ही बेकऱ्यांना सील ठोकलं. ते सरकार पडलं. नव्यालाही असला तोंडाळ माणूस जवळ नकोच होता, म्हणून मोठा मान देऊन त्याला राजदूत केलं आणि दूरदेशी धाडलं.

निघताना आईने तंदूरमधला गरम नान पुढे केला. "एक घास चाव, बाळा. उरलेला परत येऊन खायचा."

आमच्याकडे प्रवासाला निघालेल्याचा उष्टा नान भिंतीला टांगतात, तो येईपर्यंत.

"अपा," तो आईला म्हणाला, "राजदूताला कसलं हे?"

"राजदूत असशील तिकडचा. चाव मुकाट्याने!" ती बोळकं पसरून हसली.

सहा वर्षं तो रजा मागत राहिला. "देश नाजूक वळणावर आहे, आत्ता नको," एवढंच उत्तर यायचं. आई अत्यवस्थ झाली तेव्हाही तेच आलं. तो घरी पोचला, तोवर तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधीही उरकला होता.

बहिणीने भिंतीकडे बोट दाखवलं. त्याच्या वाळलेल्या नानाशेजारी आणखी एक नान टांगलेला होता.



त्याच्या कडेवर हिरड्यांनी चावल्याची खूण होती.