एकाच मापाचं

"ताई, नवीन घेतलंत की जुनं मला द्यायचं हं. टाकून नाही द्यायचं, दुसऱ्या कुणाला नाही द्यायचं."

इस्पितळात शेजारच्या खाटेवरून रोपवाली हे म्हणाली होती, त्याला आता पाच वर्षं झाली. ग्रंथपालबाईंनी तेव्हा तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. दोघींचं ऑपरेशन एकाच आठवड्यातलं, दोघींचा डावा स्तन काढलेला, मापही एकच. "देवाने देताना सारखं दिलं, आणि भांडण नको म्हणून नेतानाही सारखंच नेलं," असं रोपवाली म्हणाली, तेव्हा टाके ओढले जाईपर्यंत दोघी हसल्या होत्या.

आज सकाळपासून ते बोलणं ग्रंथपालबाईंच्या कानातून जात नव्हतं, कारण रोपवाली त्यांच्याच घरात, त्यांच्याच खोलीत कपडे बदलत होती. वर्षाच्या तपासणीला ती गावाहून यायची आणि एक रात्र इथे मुक्काम करायची. कालच्या तपासणीत सगळं ठीक निघालं होतं. आता फक्त बस गाठायची होती.

"या की आत," तिने हाक मारली. "तुमच्यापुढे कसली आलीय लाज?"

ग्रंथपालबाई चहा घेऊन आत गेल्या. रोपवाली पलंगावर बसून आपली पिशवी चाचपत होती. सुती कापडाची, मुठीत मावेल एवढी, मोहरी भरलेली. गेलेल्या जागी ती हेच बसवायची. धुऊन धुऊन कापड विरलं होतं. ती सांगू लागली, रोपवाटिकेत माती भरायला वाकलं की हे बेटं घसरून पोटाशी येतं. एकदा तर मालकीणबाईंसमोरच आलं. कामावरच्या पोरी म्हणाल्या, मावशीला दिवस गेले वाटतं. सांगताना ती स्वतःच हसली, पण हसतानाही एक हात छातीशी दाबलेला होता. तेव्हापासून म्हणे ती अंगावर जाड टॉवेल घेऊन काम करते. उन्हाळ्यात जरा उकडतं, एवढंच. लग्नाबिग्नाला जाणं तर कधीच सोडलं. तेवढीच प्रवासाची दगदग वाचते.

ग्रंथपालबाईंनी कप टेबलावर ठेवला. त्यांच्या अंगात नवीन होतं. सिलिकॉनचं, मऊ, घातल्यावर थोड्या वेळात अंगाइतकंच ऊबदार होणारं. वाचनालयात आजवर कुणाला संशयसुद्धा आला नव्हता. ते घेऊन दोन वर्षं झाली होती. जुनं कपाटाच्या वरच्या फळीवर डब्यात होतं. रोपवालीने फोनवर आडून आडून विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा त्या म्हणाल्या होत्या, "नाही गं, अजून जुन्यावरच भागवतेय." नवीन बिघडलं तर हाताशी असावं, एवढंच मनात होतं. आजारपणातही त्यांनी सकाळच्या प्रार्थनेचा नेम मोडला नव्हता. हल्ली मात्र प्रार्थनेला बसताना त्या कपाटाकडे पाठ करून बसायच्या.

"हे तुमच्यासाठी," रोपवाली म्हणाली.

तिच्या हातात तशीच एक पिशवी होती. कोरी, पांढरीशुभ्र, बारीक टाक्यांची.

"तुमचं बिचारं किती वर्षं रेटतंय. कामावर असताना ऐनवेळी दगा दिला तर काय कराल? मोहरी घरचीच आहे, निवडून भरलीय. एक खडा लागायचा नाही. माप माझंच धरलं. आपलं एकच ना."

ग्रंथपालबाईंच्या तोंडाशी शब्द आले होते. कपाट हाताच्या अंतरावर होतं. पण हात पुढे झाला तो पिशवी घ्यायला. कशाला त्रास घेतलास, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

रोपवालीने त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "अजून किती छान बसतंय हो तुमचं. वापरताच तुम्ही जपून."

मग तिने घाईघाईने चहा संपवला, टॉवेल पांघरला, सोडायला कुणी येऊ नका म्हणाली आणि गेली.

दार लागल्यावर ग्रंथपालबाईंनी डबा खाली काढला. झाकण उघडलं. जुन्याच्या कडेला चीर गेली होती, आतलं चिकट पाझरून डब्यातल्या कापडाला लागलं होतं. ना त्यांच्या उपयोगाचं राहिलं, ना तिच्या. त्यांनी झाकण लावलं.

मग खोलीची कडी लावली. अंगातलं नवीन काढलं, रोजच्यासारखं सौम्य साबणाने धुतलं, टिपून कोरडं केलं आणि त्याच्या डब्यात नीट ठेवलं. रिकाम्या जागी मोहरीची पिशवी बसवली. ती गार होती.

बाहेर नवऱ्याने वर्तमानपत्रातून मान वर न काढताच विचारलं, "आता कुठे?"

"बसस्टँडवर. तिचं काहीतरी माझ्याकडे राहिलंय."

जिन्याच्या वळणावर मोहरी सरकली आणि पिशवी घसरून खाली आली. समोरून वर येणाऱ्या शेजारीणबाई काहीतरी विचारत होत्या, त्या मधेच थांबल्या. त्यांची नजर एका जागी अडकली. ग्रंथपालबाईंचे कान तापले. पण दोन्ही हातांत नव्याचा डबा होता. तो तसाच धरून त्या पुढची पायरी उतरल्या.