लेकीनं विचारलेलं

सुतारकाम करणाऱ्या बाबांची कंबर धरली आणि कळ दोन्ही पायांत उतरली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट असलेल्या लेकीनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. मग विचारलं, “बसायची जागा बधिर वाटते का? लघवीला लागलेली कळते?”

बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आईला बोलव. तिला सांगतो.”

“मला सांगा, बाबा. वेळ नाही.”

“सकाळपासून काहीच कळत नाहीये,” भिंतीकडे बघत ते कसंबसं म्हणाले.

तिनं त्यांना घेऊन तडक हॉस्पिटल गाठलं. मणक्याच्या तळाशी नसांचा झुपका दबला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. उशीर झाला असता तर लघवीवरचा ताबा कायमचा गेला असता, असं सर्जन म्हणाले.

लघवीची नळी काढल्यावर बाबा एकटेच बाथरूमला जाऊन आले. बाहेर आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी विचारलं, “इतक्या वेळेवर कुणाच्या लक्षात आलं हो?”

बाबांनी लेकीकडे बोट दाखवलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, छाती फुगवून म्हणाले, “आमच्या पोरीच्या. बापाला काहीही विचारते. काडीची लाज नाही तिला.”