धरलेली जागा

साथीमुळे डब्लिनबाहेरच्या एका कुरणात, गाण्याच्या कार्यक्रमासाठी, दोन-दोन खुर्च्यांचे सुटे पॉड मांडले होते आणि एकट्या माणसाला तिकीटच नव्हतं. गर्दी टाळायची तर माणसाने दुकटं असावं, असा तो नियम. म्हणून गिरीशने दोघांचं तिकीट काढलं आणि शेजारच्या खुर्चीवर, एसटीत टाकतात तसा, रुमाल टाकून दिला.

“मिसेस येतायत ना?” तिकिटं तपासणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं.

“गाडी लावतेय,” अविवाहित गिरीश शांतपणे म्हणाला.

“ग्रँड,” असं तिथल्या पद्धतीने ‘ठीक’ म्हणत म्हातारा पुढे सरकला.

मंचावर बँजो सुरू झाला. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातली जुनी ख्रिस्ती भजनं होती, पैलतीरी सगळे भेटतील अशा आशयाची. दुसऱ्या भजनाच्या वेळी मास्क लावलेली एक बाई येऊन समोर उभी राहिली.

“मराठीच ना तुम्ही? रुमाल बघून वाटलंच मला. कुणी येतंय का इथे?”

सबंध वर्षात समोर उभं राहून गिरीशशी मराठीत कुणी बोललं नव्हतं. पण रुमाल कुणासाठीच टाकलेला नाही, हे मराठीत सांगणं इंग्रजीपेक्षा अवघड होतं.

“बायको येतेय,” तो म्हणाला. “गाडी लावतेय.”

“हो का? सॉरी हं,” म्हणून ती मागे आपल्या जागेवर जाऊन बसली.

भजन संपल्यावर, टाळ्या वाजवता वाजवता, गिरीशने हळूच मागे वळून पाहिलं.

तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ओढणी टाकलेली होती.